पायाखालची लोकर

मी लोकर बोलतेय. आबाजींच्या शेवटच्या मेंढरांच्या अंगावरची. पत्रा तापून कडकन वाजला की मी अजून दचकते, पण आज गप्प बसणार नाही.

वरकुटे गावात आबाजींनी मेंढरं विकली तेव्हा मला कुणी घेतलं नाही. घोंगडी विणणारे आता उरलेत कुठं? सहा पोत्यांत कोंबून मला गोठ्यात टाकलं. चार वर्षं! उंदरांची बाळंतपणं माझ्यातच झाली.

मग नवं घर उभं राहिलं. वर पत्रा, खाली बैठक, मध्ये प्लायवूडचा माळा. माळा मुलीला, मनीषाला द्यायचा ठरला. ती तलाठी भरतीचा अभ्यास करते, परीक्षा मे महिन्यात. पत्र्याखाली उकडू नये म्हणून काय घालायचं, यावर आठवडाभर खल चालला. तिचा भाऊ राम म्हणाला, थर्माकोल. त्यावर आई सिंधुबाई म्हणाल्या, "त्याचं गणपतीला मखर कर." कुणी पत्र्यावर उसाचं पाचट टाकायला सांगितलं, पण ठिणगी पडली तर, या विचारानंच मनीषा घाबरली. शेवटी तीच म्हणाली, आपली लोकर हाय की.

तिनं मला रिठ्याच्या पाण्यात धुतलं. लोकर खाणारी कसर लागू नये म्हणून कडुलिंबाचा वाळका पाला मिसळला. इतक्या मायेनं मला कुणी हात लावला नव्हता. वाटलं, आता हिच्या डोक्यावर बसेन, ऊन अडवीन.

आबाजींनी मला माळ्याच्या जमिनीत घातलं! दोन प्लायच्या मध्ये, तिच्या पायाखाली.

मनीषानं विचारलं तेव्हा म्हणाले, "बैठक गार पायजे. तुला बघायला पावणं येणार, ते काय वर चढणार हायेत?"

"मी बसते की वर, आबा."

"तू किती दिवसाची हितं?"

मेंढरावरून कातरताना कातरीची पाती लागली, तेव्हाही मला एवढं झोंबलं नव्हतं.

एप्रिलात पाहुणे आले. पंख्याखाली बसून म्हणाले, घर गार हाय बरं का. आबाजी खूश. कशामुळं गार, ते सांगायची मात्र लाज! वर मनीषा साडी नेसून, हाकेची वाट बघत वाचत होती. पत्रा नुसता भाजत होता. तिचा घोळणा फुटला. पानावर रक्ताचा एक थेंब पडला, मग दुसरा. मी वीतभर खाली होते आणि काहीच करू शकत नव्हते.

खालून हाक आली, पोहे घेऊन ये. ती गेली नाही. नाकाला पदर लावला, पक्कड घेतली आणि जमिनीचा प्लाय उचकटायला लागली. प्रत्येक खिळ्याच्या आवाजाला स्वतःच दचकायची, पण थांबली नाही. खाली सगळ्यांच्या माना वर. सिंधुबाई शिडी चढून आल्या त्या खताच्या रिकाम्या गोण्या घेऊनच.

"भर," त्या म्हणाल्या. "मी तोंड धरते."

पाहुणे चहा न घेता गेले. 

आता गोण्यांत भरून मला पत्र्याखाली तारेनं बांधलंय. बैठक तापते. परवा दुपारी आबाजींनी खालून विचारलं, "वर गार हाय का गं?"

पुस्तकातून मान न उचलता मनीषा म्हणाली, "हाय. या की वर."

अजून आलेले नाहीत. दोन पायऱ्या चढतात आणि मागं फिरतात. ते वर येत नाहीत तोवर माझा राग निवायचा नाही.

आणि तुम्ही, नवं घर बांधणारे! ऊन वरून येतं, एवढं तर कळतं ना? मग आधी विचारा, वर कोण बसणार आहे.