लिंबाचा लाल रस आणि यल्लव्वाची गाठ

मंगळवारी सकाळी अकरा वाजता कळंब्यातल्या मठात महाराजांनी लिंबू कापलं. रस लाल निघाला. बायकांनी हात जोडले. महाराजांनी सुरी उपरण्याला पुसली, काहीतरी पुटपुटले आणि दुसरं लिंबू कापलं. या वेळी रस नेहमीसारखा.

"गाठीचं रक्त तोडलं बघा," ते म्हणाले. "आता डोक्याला लोखंड लागलं तर देवी कोपंल."

समोर आबा होते, इचलकरंजीचे यंत्रमाग कामगार. पत्नी यल्लव्वाच्या मेंदूच्या दोन फिल्म त्यांनी आणल्या होत्या. पहिलीत गाठीभोवती रक्तवाहिन्यांचं दाट जाळं, दुसरीत ते गायब. महाराजांनी दुसरी फिल्म उंच धरली आणि जयजयकार झाला. ती फिल्म आदल्या दिवशीची आहे, हे कुणाच्या लक्षात आलं नाही.

सोमवारी कोल्हापूरच्या एका रुग्णालयात डॉ. शाहिस्ता यांनी यल्लव्वाच्या जांघेतल्या रक्तवाहिनीतून बारीक नळी डोक्यापर्यंत नेली होती. तिच्यातून सूक्ष्म कण सोडून गाठीला रक्त पुरवणारी वाट त्यांनी बुजवली. हेतू एवढाच, की बुधवारी गाठ काढताना रक्तस्राव कमी व्हावा. उशीर झाला तर गाठ सुजू शकते, रक्त दुसरी वाट शोधू शकतं. यल्लव्वाला डाव्या डोळ्यानं आताच निम्मं दिसत नाही.

आबांनी वॉर्डात परत येऊन ऑपरेशन नको म्हणून सांगितलं. बारावीतली मुलगी श्रुती वाद न घालता खाली गेली. आवारातली जास्वंदीची फुलं तिनं सुरीवर चोळली, सुरी वाळू दिली आणि बापासमोर लिंबू कापलं. रस लाल. सुरी पुसून दुसरं कापलं. रस साधा.

आबांनी दोन्ही लिंबांच्या फोडी उचलून पाहिल्या. मग म्हणाले, "लिंबू खोटं असंल. पर रक्त थांबलंय की न्हाय? धागा तुटला की माग थांबतोय. मग डोकं उघडायचं कशाला?"

निर्णय आबांचा, असं वॉर्डात सगळ्यांनी धरलं होतं. खाटेवरच्या बाईला कुणी विचारलं नव्हतं. तीस वर्षं मागासाठी सुताच्या कांड्या भरलेली यल्लव्वा उठून बसली आणि खाटेशी उभ्या डॉ. शाहिस्तांकडे वळली.

"माग थांबला म्हणून कापड आपोआप उतरतंय व्हय? कुणीतरी कापूनच काढतंय की. कुठं सही करायची, सांगा डॉक्टरीणबाई."

चमत्कार दिसला की एकच विचारावं: त्याच्या आधी काय घडलं होतं?

बुधवारी सकाळी आठ वाजता यल्लव्वाला आत नेलं. आबा बाहेर बाकावर आहेत. महाराजांनी दिलेलं लिंबू त्यांच्या खिशात आहे. त्यांनी ते टाकलेलं नाही. हे लिहून होईपर्यंत दार उघडलेलं नाही.