टाकीवरचा उजेड

स्नेहलने दाताने वायरचं टोक सोललं, आतल्या तारा चिमटीत पिळून सरळ केल्या आणि मान वर न करता हात पुढे केला.

"आई, ती लाल वायर द्या बरं."

बायडाबाईंनी मांडीवरच्या गुंत्यातून एक वायर ओढून तिच्या तळहातावर ठेवली. काळी होती. स्नेहल हसली, वाकून लाल वायर स्वतःच उचलली आणि पुन्हा कामाला लागली. सासूबाईंचं लक्ष नाही, एवढंच तिला वाटलं.

समोर बुटक्या लोखंडी टेबलावर काचेची टाकी होती. स्नेहल संगमनेरच्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत काम करायची. तिथल्या राजेश्वरी मॅडम निवृत्त होऊन मुलीकडे निघाल्या तेव्हा ही टाकी त्यांनी पाण्यातल्या झाडांसकट तिला देऊन टाकली. "मासे कुणीही सांभाळतं गं, तू झाडं सांभाळ," असं बजावूनही गेल्या. पण वरची जुनी ट्यूब हळूहळू मंदावली आणि झाडांनी मान टाकली. देठ उजेड शोधत लांबच्या लांब वाढले, खालची पानं पिवळी पडून गळू लागली. स्नेहल रोज चिमट्याने कुजकी पानं काढायची, आणि काढताना तिचा चेहरा आजाऱ्याच्या उशाशी बसल्यासारखा व्हायचा.

झाडांसाठीचे खास लाइट तिने मोबाइलवर बघितले होते. किंमत बघून मोबाइल पालथा ठेवला होता. घरभाडं होतं, गावाकडच्या घरावर पावसाआधी पत्रे टाकायचे होते. त्यात माशांच्या टाकीचा नंबर लागणार कधी?

मग एक दिवस कॉलेजातून येताना नाशिक रस्त्यावर एका दुकानाचा जुना बोर्ड उतरवला जाताना तिला दिसला. बोर्डाच्या पोटात छोट्या पांढऱ्या दिव्यांच्या माळा होत्या. ती तिथेच थांबली.

"यांचं काय करणार?" तिने बोर्डवाल्या सहादेवला विचारलं.

"भंगारात जातील. तुम्हाला कशाला, मॅडम? दुकान टाकताय का?"

"माशांच्या टाकीला लावीन म्हणते."

सहादेव हसला खरा, पण त्याने पिशवी भरून माळा दिल्या. "निम्म्या गेलेल्या असतील, बघून घ्या. आणि पाण्यात हात घालताना बटण बंद ठेवत जा."

सरकत्या खिडकीची ॲल्युमिनियमची एक मोडकी पट्टी मिळाली, बंद पडलेल्या वायफायच्या डब्याचा अडॅप्टर माळ्यावर होताच. आज रविवारी तिने सकाळपासून एकेक दिवा लावून बघितला. पिवळट उजेडाचे बाजूला काढले; तिला दुपारच्या उन्हासारखा पांढराशुभ्र उजेड हवा होता.

"जरा ही पट्टी धरता का, आई?"

बायडाबाई सरसावून बसल्या. त्यांची हयात ऊसतोडीत गेली होती. लग्नानंतर स्नेहल इथे संगमनेरला आणि सासूबाई पाथर्डीकडे गावात नाहीतर फडावर, त्यामुळे दोघींची गाठ सणावारालाच पडायची. गेल्या वर्षी स्नेहलच्या नवऱ्याने, कल्याणने, हट्टाने आईला कोयता खाली ठेवायला लावला आणि इकडे आणलं. तो दुधाचा टँकर चालवायचा, दोन-दोन दिवस बाहेर असायचा. घरात दोघीच.

सुरुवातीला बायडाबाईंना टाकीचं भारी नवल वाटलं होतं. "पान्यात गवत लावायचं, आन् ते वाढंना म्हून आपनच तोंड पाडून बसायचं! आमच्या रानात मेलं पानीच न्हाई." पण मग त्याच टाकीपुढे पाट टाकून बसू लागल्या. सकाळी माशांना चिमूटभर दाणे त्याच घालायच्या. संध्याकाळी स्नेहल दारातून आत आली की सांगायच्या, "लई खेळत्यात बग आज." आणि लगेच उठून तवा चढवायच्या. भाकरी त्यांनी कुणाला करू दिली नाही. स्नेहलने पदर खोचला तरी हाताला धरून तिला बाहेर बसवायच्या. अलीकडे भाकरीची कड कधीकधी करपलेली असायची. स्नेहल ती न बोलता खायची. आयतं, गरम ताट पुढे येतंय याचंच तिला अप्रूप होतं.

बायडाबाईंनी पट्टी धरली. कोयत्याने घट्टे पडलेले ते हात दगडासारखे स्थिर होते. स्नेहलने गोंद लावून माळा एकापुढे एक चिकटवल्या, वायरी जोडल्या, जोडांवर टेप गुंडाळली. गोंद वाळल्यावर पट्टी टाकीवर आडवी बसवली, तेव्हा बाहेर दिवेलागण झाली होती.

"लावू?"

"लाव की. दिसभर त्याच्यासाठी तर बसलीयस."

तिने बटण दाबलं.

पाणी तळापर्यंत उजळलं. लांब पानांच्या शिरा दिसल्या, वाळूचे कण सुटे दिसले. काचेवरचं शेवाळही दिसलं, आणि फार वेळ दिवा ठेवला तर ते आणखी माजेल, हेही स्नेहलच्या मनात येऊन गेलं. पण देठाच्या शेंड्याला एक नवा पोपटी कोंब होता. जुन्या ट्यूबमध्ये तो तिलाही दिसला नव्हता. तो दाखवायला ती वळली, तर बायडाबाई पुढे सरकत सरकत थेट काचेला नाक लावून बसलेल्या.

"आगं बया! ह्ये लाल मासं कवा आनलंस?"

"कुठले?"

"ह्ये काय! मिरचीवानी लाल हायेत की."

स्नेहल हसली. "आई, ते तर..."

ते मासे बायडाबाई या घरात यायच्या आधीपासून टाकीत होते. रोज सकाळी त्यांनीच त्यांना दाणे घातले होते.

स्नेहल सासूबाईंच्या शेजारी जमिनीवर टेकली.

"आई, तुम्हाला नीट दिसत नाही ना?"

"दिसतंय की." बायडाबाईंनी मान वळवली नाही. मग म्हणाल्या, "धुरकट दिसतंय. फडात पहाटंचं धुकं असतंय ना, तसं."

"कधीपासून?"

"हिकडं यायच्या आदीपासून."

"मग बोलायचं नाही का? ह्यांना सांगितलं असतं, डॉक्टरला दाखवलं असतं. मोतीबिंदूच असेल. त्याचं ऑपरेशन तर आता सगळ्यांचं होतं."

बायडाबाईंनी पदराने काच पुसली. पुसली त्या जागी काही नव्हतं.

"सांगितलं असतं, तर मला गॅसपाशी उबं राहू दिलं असतंस व्हय? बसा म्हनली असतीस. नुसतं बसून खायाची सवय न्हाई मला, पोरी. तू दमून येतीस. तुला येक भाकर गरम मिळावी, येवडंच माज्या हातात हुतं."

स्नेहलने बोटाला चिकटलेला गोंद खरवडून काढला. मग म्हणाली, "उद्या मी रजा टाकते. डोळ्यांच्या दवाखान्यात जाऊ."

"आन् भाकरी?"

"मी करीन."

"तुजी भाकर कल्यानला चावायची न्हाई."

"चार दिवस चावेल. मग पुन्हा तुम्हीच करा. तुमचा गॅस तुमच्याकडेच राहील, मी हात लावणार नाही."

बायडाबाईंनी क्षणभर अंदाज घेतला. "शब्द हाय?"

"शब्द आहे."

त्या हलकेच हसल्या. स्नेहल वायरींचे तुकडे गोळा करून उठू लागली, तशी त्यांनी तिचं मनगट धरलं.

"थांब. जरा हिकडं ये. उजेडात."

त्यांनी तिला टाकीसमोर ओढून बसवलं, दोन्ही खरबरीत हातांत तिचा चेहरा धरला आणि दिव्याकडे वळवला. आपला चेहरा अगदी जवळ आणून त्या कपाळापासून सावकाश खाली बघत आल्या. बघता बघता थांबल्या.

"तीळ हाय व्हय गं तुज्या हनवटीवर?"

"लहानपणापासून आहे, आई."

"व्हय?" त्यांनी अंगठा तिळावरून अलगद फिरवला. "मला वाटलं, काय तरी लागलंय."

स्नेहलच्या पायाला मुंग्या आल्या होत्या. हातातले वायरींचे तुकडे तिने आवाज न करता खाली ठेवले आणि चेहरा आणखी थोडा उजेडात नेला.