खोक्याचा खर्ज

रॉक बँड म्हटलं की लोकांना धूर, दिवे आणि कानठळ्या आठवतात. आमच्या बँडमध्ये माणसं तीन आणि सगळ्यांच्या मिळून ताराही तीनच. माझ्या गिटारला दोन, भावजींच्या खोक्याला एक. ताईला तार नाहीच. ती पत्र्याचे डबे बडवते. लग्नाआधी मला ज्या उत्साहाने बडवायची, त्याच उत्साहाने. वाद्यं सगळी भावजींनी घडवलेली, कारण ते सुतार आहेत. खोकं म्हणजे जुन्या दाराच्या फळ्यांचं, कमरेइतक्या उंचीचं खरोखरचं खोकं, त्यावर ताणलेली एक जाड तार. नव्या रेकॉर्डच्या कव्हरवर काय छापायचं ते पहिल्याच दिवशी ठरलं होतं: ‘यातला प्रत्येक आवाज हाताने घडवलेल्या वाद्याचा आहे.’ वाक्य माझंच. मोठ्या ऐटीत सुचवलं होतं.

चौथ्या गाण्याच्या शेवटी आम्ही सगळे थांबतो आणि खोक्याचा खर्जातला एकच सूर बारा ठोके चालतो. म्हणजे, चालायला हवा. खोकं आठव्या ठोक्याला घरघरायचं आणि गप्प बसायचं. भावजींनी वीस वेळा वाजवलं, वीसच्या वीस वेळा तेच. “लाकूड आहे रे, दमतं,” ते म्हणाले. मला ते पटेना. दुसऱ्या दिवशी ते कुणाकडे तरी कपाटं बसवायला गेलेले असताना मी रेकॉर्डिंगवाल्याला गाठलं आणि कॉम्प्युटरमधला एक सूर तिथे डकवून घेतला. पाच मिनिटांचं काम. एका सुराने असं काय बिघडतंय, अशी मनाची समजूत घातली, आणि मनही माझंच, त्याने लगेच ऐकलं.

रेकॉर्ड छापून आली. भावजींनी ती माझ्यासमोरच लावली. चौथं गाणं संपल्यावर त्यांनी सुई उचलून पुन्हा मागे ठेवली. त्यांचे डोळे भरून आले होते.

“बारा मोजले मी. त्या विसांतलं एखादं लागलं असणार, तेव्हा कळलंच नाही बघ.”

तेव्हाच सांगता आलं असतं. सांगितलं नाहीच, वर म्हणालो, “लागणारच की. बनवलंय कुणी?” माझी मलाच किळस आली.

पुढचा आठवडाभर मी त्यांना तोंड चुकवत राहिलो. घास गोड लागेना. शेवटी शनिवारी दुपारी, आता काय व्हायचं ते होऊ दे, सांगून टाकायचं, असं ठरवून त्यांच्या कारखान्यात गेलो.

ताई डब्यांना भोकं पाडत बसली होती. भावजी टेबलापाशी वाकले होते आणि टेबलावर खोकं सुटं पडलं होतं. सांध्यांवरून करवत फिरलेली, प्रत्येक फळीवर पेन्सिलीने आकडे.

“ये शहाण्या,” ते म्हणाले. “असंच दुसरं करायचंय. तो आवाज नेमका कुठून आला ते बघावं म्हटलं. चार दिवस झाले, जाडी मोजली, गाठी बघितल्या. आत वेगळं काहीच सापडत नाही रे.”

“पुन्हा जोडता येईल ना?” मी विचारलं.

“येईल की. पण करवतीने खाल्लं ते खाल्लं. तो आवाज आता पुन्हा यायचा नाही.”

मग मी सगळं सांगितलं. एका दमात, त्यांच्याकडे न बघता. ताईने हातोडी खाली ठेवली. भावजी एका फळीच्या कापलेल्या कडेवरून अंगठा फिरवत होते.

“म्हणजे हे आठच ठोके वाजायचं.”

“हो.”

“आणि आत काही नव्हतंच.”

“नाही, भावजी.”

त्यांनी फळी हळूच खाली ठेवली. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी अगदी साध्या आवाजात, खरंच कळत नसल्यासारखं विचारलं, “मग मी हे कशाला रे कापलं?”