केसरबाईंचा रोजचा अहवाल

"बाहेर काढ ते पायताण! काढ म्हणते ना!"

स्वरूपाने काढलं नाही. उलट दुसऱ्या पायातलंही हंड्यात सोडलं. प्यायच्या पाण्याच्या हंड्यात. नळाला एक दिवसाआड पाणी यायचं आणि आजचा दिवस कोरडा होता. केसरबाईंनी कोपरापर्यंत हात घालून दोन्ही चपला वर काढल्या, तोवर सव्वादोन वर्षांच्या नातीने कमरेवर हात ठेवून खुलासा केला, "चप्पल घान हुती. आंगोल घातली."

"अगं पण प्यायच्या पाण्यात? तुझ्या बापानं तरी असं केलं हुतं का कधी?"

"व्हय," स्वरूपा म्हणाली. ती कशालाही व्हय म्हणायची. फक्त जेवायला चल म्हटलं की न्हाय.

केसरबाईंनी लासुर्ण्याच्या अंगणवाडीत एकतीस वर्षं काढली होती. एका वेळी चाळीस पोरं, त्यात चावणारी, पळून जाणारी, माती खाणारी. सगळी त्यांच्या एका हाकेवर रांगेत बसायची. आणि आता निवृत्त झाल्यावर एक, फक्त एक, तीही घरची, त्यांच्या नाकी नऊ आणत होती. मुलगा संघपाल बारामतीला कंपनीत, सून प्रियदर्शनी तिथल्याच एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये. दोघांच्याही पाळ्या बदलत्या, म्हणून पोर सोमवार ते शनिवार आजीकडे. अंगणवाडीत तरी टाकावी, तर तिसरं पूर्ण झाल्याशिवाय पोराला घ्यायचं नाही हा नियम खुद्द केसरबाईंनीच जन्मभर पाळलेला. आता बोलणार कुणाला?

दहा वाजता स्वरूपाने गव्हाच्या पिठाचा डबा उपडा केला आणि त्यात बसकण मारली. तिला धुतली, पुसली, भाताची ताटली देऊन खिडकीशी बसवली. पाच मिनिटांत ताटली रिकामी. "संपलं!" म्हणून पोरीने टाळ्या पिटल्या. केसरबाईंनीही कौतुकाने पिटल्या. मग खिडकीबाहेर कुणीतरी समाधानाने बें केलं.

शेजारच्या कौसल्याबाई शेळीच्या तोंडाला लागलेला भात पुसत दारात आल्या. "केसरबाई, नात लई गुणाची हाय हो तुमची. आमच्या शेळीला सोडून खात न्हाय."

"गुणाची? मग न्या की दोन दिस."

"नगं बाई. शेळी बरी," असं म्हणून कौसल्याबाई निघून गेल्या.

दुपारी चष्मा हरवला. चष्म्यावाचून चष्मा शोधायचा म्हणजे काय ते ज्याचं त्यालाच ठाऊक. गादीखाली, फडताळात, कोंबडीच्या खुराड्यात, सगळीकडे चाचपून झालं. स्वरूपा मागोमाग फिरत होती आणि "हितं न्हाय, हितं न्हाय," असं मोठ्या जबाबदारीने सांगत होती. चार वाजता ताक करायला घेतलं तेव्हा रवीला काहीतरी अडकलं. दह्यातून चष्मा वर आला.

सात वाजता रोजच्यासारखा संघपालचा फोन आला. "जयभीम आई. काय म्हणतंय बाळ?"

"काय म्हणायचंय? हंड्यात चपला, पिठात बूड, दह्यात चष्मा. भात शेळीनं खाल्ला. माझ्यानं न्हाय व्हायाचं आता. घिऊन जावा तुमची पोर."

हे शेवटचं वाक्य त्या रोज म्हणत. ती त्यांची पद्धत होती. अंगणवाडीतून महिन्याच्या महिन्याला वर अहवाल पाठवायचा, त्यात कमी वजनाची मुलं, गैरहजर मुलं, गळकं छप्पर, न पोचलेला तांदूळ, सगळ्याला रकाने होते. बरं काय झालं ते लिहायला रकाना नव्हता. ते वरचे लोक धरूनच चालतात, असं पर्यवेक्षिकाबाईंनी पहिल्याच वर्षी सांगितलं होतं. त्यामुळे दुपारी झोपताना स्वरूपा आजीचा कान मुठीत धरते आणि केसरबाई मान अवघडली तरी तासभर हलत नाहीत, हे संघपालला कधी कळलं नाही. आपला घास आधी आजीच्या तोंडात कोंबते, हेही नाही.

रोज संघपाल हसायचा. आज हसला नाही.

"आई, मी सोय बघितलीय. प्रियदर्शनीच्या हॉस्पिटलजवळच पाळणाघर हाय. दोन म्हैन्यांमागं नंबर लावला हुता, आज लागला. सोमवारपासून. तुझं रोज ऐकतोय, लई वंगाळ वाटतं गं. ह्या वयात तुला ताप."

एकतीस वर्षांत केसरबाईंच्या कुठल्याच अहवालावर कारवाई झाली नव्हती. छप्पर त्या निवृत्त झाल्या त्या दिवशीही गळत होतं. आणि आता झाली कारवाई, ती ही.

नको म्हणायला तोंड उघडलं, पण म्हणणार काय? रोज सांगितलं ते खोटं होतं? खोटं नव्हतंच. गुडघे दुखत होते, कंबर धरत होती, संध्याकाळी जीव मेटाकुटीला येत होता. पण थकणं वेगळं आणि नको होणं वेगळं, एवढी साधी गोष्ट पोटच्या पोराला फोडून सांगावी लागते याचाच त्यांना राग आला.

"बरं केलंस," त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला.

पहिल्या दिवशी मुलाच्या सवयीचं माणूस बरोबर आणा, असं पाळणाघराने कळवलं होतं. म्हणून सोमवारी केसरबाई बारामतीला गेल्या. प्रियदर्शनी ड्यूटीवर होती, संघपाल बाहेर गाडीजवळ थांबला. पाळणाघरातली राजलक्ष्मी नावाची मुलगी चोवीस-पंचवीसची असेल.

"झोपताना तिला कान लागतो," केसरबाईंनी तिला सांगितलं. "धरू द्या. वढत न्हाय जास्त."

"मोडेल हळूहळू सवय," राजलक्ष्मी गोड हसून म्हणाली. "आता निघा आजी. आणि मागे वळून बघू नका. पाच मिनिटांत गप्प होतात मुलं."

केसरबाईंनी तिच्याकडे बघितलं. हे वाक्य त्यांनी शेकडो आयांना ऐकवलं होतं. पाच मिनिटं ही शुद्ध थाप असते, काही पोरं आठ-आठ दिवस रडतात, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत होतं? आया घरी जायच्या नाहीत, भिंतीआड उभं राहून आपल्या पोराचं रडणं ऐकत राहायच्या. केसरबाई बाहेर येऊन त्यांना हुसकावायच्या, "जावा की गं घरी, तुमच्या कामधंद्याला! पोर काय पळून चाललंय?"

त्या मागे न बघता बाहेर आल्या आणि भिंतीला टेकून उभ्या राहिल्या.

आत एक पोर रडत होतं. ते आपलं नव्हे, त्यांनी लगेच ओळखलं. मग घसरगुंडीवरून कुणीतरी धाडकन खाली आलं आणि खदखदून हसलं. ती मात्र स्वरूपा होती. पुन्हा धाडकन, पुन्हा हसू. पाच मिनिटं झाली, दहा झाली.

संघपाल गाडीजवळून हसत आला. "बघ आई, रडली पण न्हाय. मी उगाच भीत हुतो."

"कशी रडंल? माझ्या हाताखालची हाय."

"चल मग. तुला सोडून मला सेकंड शिफ्टला जायचंय."

केसरबाई भिंतीपासून हलल्या नाहीत.

"थांब की जरा," त्या म्हणाल्या. "रडंल अजून."