हळदीचं दुसरं बोट

भाऊसोच्या ट्रकची किल्ली भाऊसोच्या खिशात नसायची, बायकोच्या कमरेला असायची. माधवनगरच्या पलीकडे त्याचं घर, घरापुढे अंगण आणि अंगणात दहा चाकांचा ट्रक. गाडी भरून निघायची असली की सकाळी राजेश्वरी पदर खोचून त्या ट्रकभोवती फिरायची आणि फिरणं पुरं झाल्याशिवाय किल्ली काही सुटायची नाही. देवळात प्रदक्षिणा घालताना तिने कधी एवढा वेळ घेतला नसेल.

हे खूळ तिने माहेराहून आणलं होतं. माहेर साताऱ्याकडचं, घरटी एक माणूस फौजेत असलेलं. वडील, सुभेदार जोतिबा, उभा जन्म लष्कराच्या गाड्या चालवून पेन्शनीत आलेले. लष्करात गाडी जागची हलायच्या आधी रोज तिची तपासणी होते, तिला म्हणतात फर्स्ट परेड. सुभेदारांची गाडी सुटली, परेड सुटली नाही. शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरची करायचे, गावात मुक्कामाला आलेल्या एसटीची करायचे आणि बॅटरी धरायला ही लेक सोबत. लग्नात भांडीकुंडी, फ्रिज, कपाट सगळं याद्या करून आलं. परेड तेवढी यादीत नव्हती, त्यामुळे भाऊसोला ती जरा उशिराच कळली.

आधी ऑइल, पाणी, पट्टा. मग इंजिन चालू करून ब्रेकची हवा, दिवे, आरसे. मग ताडपत्रीच्या दोऱ्या आणि शेवटी चाकं. एकेका चाकाला ती दांडक्याने ठोका घालायची. हवा पुरती असली की दांडकं टणकन उसळायचं, कमी असली की भद्द वाजायचं. जे चाक पास झालं त्याच्या नावाने लोखंडी डिस्कवर कालवलेल्या हळदीचं एक बोट उठायचं. मागच्या बाजूला एकेका जागी दोन चाकं जोडीने असतात, एक बाहेरचं, एक आतलं. तिथे दोन बोटं. दहा चाकांना दहा बोटं असा सरळ हिशेब. हळदीला काही तोटा नव्हता, कारण भाऊसो सांगलीच्या पेठेतून वाशीला हळदच वाहायचा.

पण पेठेतल्या माणसांच्या जिभेला हाड थोडंच असतं? गुंडा आणि बिरदेव हे दोघे त्याच्याच लाइनवरचे, त्याच्याच वयाचे. हळदीची बोटं दिसली की सुरू व्हायचे.

"काय रं भाऊसो, वैनींचा शिक्का पडला का आज?" गुंडा विचारायचा.

"पडल्याबिगर हालतोय व्हय त्यो? गाडी वैनींची हाय. ह्यो नुसता बदली डायवर," बिरदेव म्हणायचा.

भाऊसो हसून न्यायचा, पण आतून धुमसायचा. त्या दिवशी पोती भरताना तिघांचं बोलणं निघालं की उद्या सकाळी तिघांनीही निघायचं आणि हायवेवरच्या पेठ नाक्याला मिसळ खायची. गुंडा म्हणाला, "आमी पोचू, खाऊ, हात धुऊ. तवर भाऊसोच्या गाडीची आरती चालू आसंल." हमालसुद्धा हसले. भाऊसोच्या डोक्यात तिडीक गेली. "उद्या तुमच्या आदी तितं मिसळ खात बसलेला दिसलो न्हाई, तर नाव सांगणार न्हाई!" असं बोलून तो तिथून उठला आणि संध्याकाळी विश्रामबागेत जाऊन चोरून दुसरी किल्ली करून घेऊन आला. चाळिशीच्या माणसाने स्वतःच्याच गाडीची किल्ली चोरून करावी, याचं त्याला काही वाटलं नाही. उलट रात्री झोप मस्त लागली.

सकाळी तो चहाचा कप घेऊन बाहेर आला, तर राजेश्वरीची परेड जवळजवळ उरकलेली. ती डाव्या अंगाला, अगदी मागच्या चाकाशी, उकिडवी बसून आत डोकावत होती. कपाळाला आठी होती. मग ती उठली आणि घरामागच्या गोठ्याकडे गेली.

भाऊसोने कप कट्ट्यावर ठेवला. गाडीत चढला. इंजिन मघाशीच चालू करून झालं होतं, ब्रेकला हवा भरलेली होती. नवी किल्ली फिरवली आणि ट्रक रस्त्याला लावला. वळताना आरशात बघितलं, तर राजेश्वरी मागून पळत येत होती. हातात लोखंडी टामी होती, चाकं उचकटायला ट्रकवाले बाळगतात ती हातभर पहार. ती टामी डोक्यावर धरून ओरडत होती. शेजारची गुणमालाकाकी दळण घेऊन निघालेली, ती डबा धरून बघतच राहिली.

"लय चिडली," भाऊसो स्वतःशीच म्हणाला आणि गिअर टाकला. फोन वाजायला लागला, तो त्याने पालथा घातला.

आष्टा येईपर्यंत मजा वाटली. मग मजा ओसरली. रोज जो ट्रक मुकाट चालायचा, तो आज बडबडायला लागला. मागून काहीतरी टकटक येतंय का? स्टिअरिंग डावीकडे ओढतंय का? गाडी तीच होती, रस्ता तोच होता. फक्त रोज सगळं बघून झालेलं असायचं आणि आज शेवटचं काय ते राहिलं होतं. पुढे खंबाटकीचा घाट होता. आणि नवऱ्याला मारायला म्हणून राजेश्वरी कधी रस्त्यावर पळत आली नव्हती, हेही आता त्याला उशिरा सुचलं.

पेठ नाका पाचेक किलोमीटरवर असताना त्याने डावा दिवा लावून ट्रक उसाच्या कडेला घेतला. तसा मागून एक मोटरसायकलवाला पुढे निघाला. मागे शाळेच्या गणवेशातल्या दोन पोरी, लाल रिबिनी. आष्ट्यापासून तो ह्याच्या मागेच होता. धाकटीने ट्रककडे बघून हात हलवला.

भाऊसो खाली उतरला आणि राजेश्वरीच्याच क्रमाने चाकं बघत फिरला. पुढे एक बोट, एक बोट. मागे दोन, दोन, दोन. पिवळीधमक, सकाळचीच. शेवटच्या डाव्या जोडीपाशी तो थांबला.

तिथे एकच बोट होतं.

पोटावर आडवा होऊन त्याने मोबाइलचा उजेड आत टाकला. दोन टायरांच्या मधे एक काळा दगड रुतून बसला होता, दोन मुठींएवढा. काल रस्त्याच्या कामावरच्या खडीत त्याने ट्रक वळवला होता, तिथेच घुसला असणार. आतल्या टायरची कड घासून सोलली होती. दगड तसाच राहिला असता तर घाटात टायर फुटलं असतं. आणि चालत्या गाडीतून सुटला असता तर बंदुकीच्या गोळीसारखा मागे गेला असता. त्याला लाल रिबिनी आठवल्या.

दगड काढायला टामी पाहिजे. टामी ट्रकमधे नव्हती. म्हशीची मेख ठोकायला म्हणून त्यानेच ती आठवड्यापूर्वी गोठ्यात नेली होती. राजेश्वरीने तीनदा सांगितलं होतं, परत गाडीत ठेवा म्हणून.

त्याला स्वतःचीच लाज वाटली, अगदी खाली बसून तोंड लपवावं इतकी. फोनवर चौदा कॉल पडले होते. त्याने लावला. पहिल्याच घंटेला उचलला.

"आवं, गाडी थांबवा! चाकात दगड हाय!"

"थांबवलीया. बघितला. राजी, माजं चुकलं."

पलीकडून वारा आणि स्कूटीची घरघर ऐकू येत होती. मग ती म्हणाली, "कुटं हायसा?"

"नाक्याच्या अलीकडं. उसाच्या कडंला."

"हलू नगा. तुमच्या मागनंच निघालेय, आष्टा सोडलंय. आलेच मी."

पाव तासात ती स्कूटीवरून आली. पायाशी टामी आडवी, डोक्यावर हेल्मेट, साडीवर धूळ. तिच्या पाठोपाठ गुंडाचा आणि बिरदेवचा ट्रक येऊन लागला. भाऊसोची गाडी कडेला बघून दोघे घाबरून उतरले होते. दगड दिसल्यावर दोघे चाकाशी उकिडवे बसले.

राजेश्वरीने टामी नवऱ्याच्या हातात दिली. तिचे डोळे लाल होते. "तुमास्नी काय झालं आसतं तर?" एवढंच बोलली, ते पण टायराकडे बघून.

भाऊसो घामाघूम झाला तेव्हा दगड सुटला. आतलं टायर सोललेलं, म्हणून गुंडा-बिरदेवने हात लावून जोडी उतरवली, स्टेपनी चढवली. बाहेरच्या चाकावर एक बोट होतंच. भाऊसोने पोत्याच्या शिवणीतून गळालेली चिमूटभर हळद घेतली, बाटलीतल्या पाण्यात कालवली आणि बोट पुढे केलं. राजेश्वरीने त्याचं मनगट धरलं.

"आदी ठोका घाला."

त्याने टामीने ठोका घातला. टणकन वाजला. तिने मनगट सोडलं. पहिल्या बोटाशेजारी दुसरं बोट उठलं, जरा वाकडं, पण उठलं. मग भाऊसोने खिशातून नवी किल्ली काढून तिच्या तळहातावर ठेवली. तिने ती किल्ली आणि दगड, दोन्ही स्कूटीच्या डिकीत टाकलं आणि कमरेची किल्ली सोडून त्याच्या हातात दिली.

गुंडाला आता राहवेना. जुनी सवय. "पडला का रं शिक्का?"

रोज या प्रश्नाला भाऊसोचे कान तापायचे. आज नाही तापले. आज त्याला आपली बायको त्या रस्त्यावरची सगळ्यात मोठी असामी वाटत होती आणि ते लपवावं असंही वाटत नव्हतं.

"पडला की!" तो मोठ्याने म्हणाला. "तुज्या गाडीवर कुणाचा पडलाय गड्या?"

गुंडा हसायला गेला, पण ते काही जमलं नाही. मग त्याने भाऊसोच्या हातातली टामी मागून घेतली आणि खाली वाकून स्वतःच्या चाकांत बघायला लागला.