ती घूं घूं माझी नव्हती

मित्रांनो, मी एक जुना माईक आहे. माझ्या जाळीला एका बाजूने पोचा आहे आणि मानेचा स्क्रू सैल झाल्यामुळे तिथे चिकटपट्टी गुंडाळली आहे. पण रूपावर जाऊ नका. माझ्यासमोर उभं राहून जेवढी माणसं प्रेमात पडली, तेवढी कुठल्या बागेतही पडली नसतील.

कारखान्यात एका बाईंनी भिंगाखाली धरून माझ्या आत पातळ पडदा बसवला. तेव्हापासून मला एकच काम येतं. कानावर पडेल ते जसंच्या तसं पुढे द्यायचं, पदरचं काही घालायचं नाही.

मी एका डबिंग स्टुडिओत लागलो. इथे परदेशी ॲनिमे मालिकांना आपल्या भाषेतले आवाज देतात. पडद्यावरची चित्रं ओठ हलवतात आणि आमची माणसं त्या ओठांत शब्द बसवतात. आमच्या प्रेमकथेतला नायक म्हणजे एक नंबरचा हट्टी. केस कायम डोळ्यांवर. नायिका दुसऱ्या कोणाशी हसली की याच्या कपाळाला आठ्या. तिचा पाठलाग करायचा, मनगट धरून ओढायचं आणि शेवटी एक छत्री पुढे केली की सगळं माफ! नायिकाही काही कमी नाही. मनातलं सांगायचं नाही, आणि त्याला कळलं नाही म्हणून अख्खा भाग रुसून बसायचं. तरी माझा दोघांवर भारी जीव.

त्या नायकाचा आवाज म्हणजे आमचे काका. टक्कल, गुडघेदुखी, दोन मुलींचे बाप. पण डोळे मिटून ऐका, कोवळा तरुण! नायिकेचा आवाज एका मुलीचा होता. आवाज बारीक म्हणून सगळे तिला चिमणी म्हणत.

आमच्याकडे नियम होता, आत येताना फोन बाहेरच्या टोपलीत ठेवायचा. तरीही याच प्रेमकथेच्या वेळी रेकॉर्डिंगमध्ये मधूनच घूं घूं ऐकू येऊ लागली. "म्हातारा गेला कामातून," रेकॉर्डिंग करणारा दादा म्हणाला. दिग्दर्शिका बाईंनी नवा माईक मागवला. मित्रांनो, मला फार वाईट वाटलं. ती घूं घूं माझी नव्हती! पण माईकला स्वतःचा आवाज कुठे असतो?

माझा शेवटचा दिवस आला. प्रसंग असा होता की नायक विचारतो, "कोणाशी बोलत होतीस? मला सगळं कळायला हवं." त्यावर नायिका लाजून म्हणते, "चुकले मी. पुन्हा नाही असं होणार."

चिमणीने ते वाक्य कितीदा तरी म्हटलं. बाई काचेपलीकडून म्हणाल्या, "अगं, लाजून म्हण. तू घाबरतेयस."

"लाजूनच म्हणतेय, बाई."

"बरं, तूच ऐक."

तिने हेडफोन लावला. मी तिचा श्वास जसा होता तसाच पुढे दिला होता. तो घशात अडकला होता, आणि त्याच्या मागे घूं घूं चालली होती. चिमणीचा चेहरा उतरला.

"माईक बदलू नका," ती म्हणाली. "तो चांगला आहे. फोन माझ्या खिशात आहे."

"खिशात? का गं?"

"लगेच उत्तर दिलं नाही की माझा मित्र चिडतो. कुठे आहे, कोणाबरोबर आहे, सगळं सांगावं लागतं. काकांबरोबर प्रेमाचे संवाद म्हणते, त्यावरूनही भांडतो."

"माझ्याबरोबर?" काकांनी टकलावरून हात फिरवला. चिमणी खुदकन हसली आणि लगेच रडायला लागली. "मला वाटायचं, प्रेम असंच असतं. आपला हिरो पण असाच आहे ना?"

काका स्टूल ओढून तिच्याजवळ बसले. "पोरी, आपला हिरो मलाही आवडतो. पण भाग संपला की तो गप्प बसतो. तुझा बसतो का? माझ्या मुलींशी कोणी असं वागलं ना, तर त्याच छत्रीने हाणीन मी त्याला."

इतक्यात खिशात पुन्हा घूं घूं झाली. चिमणीने डोळे पुसले, फोन काढला आणि लिहिता लिहिता मोठ्याने वाचलं, "मी कामावर आहे. यापुढे कुठे आहे हे दरवेळी सांगणार नाही." मग तिने तो स्वतः बाहेर टोपलीत टाकला.

बाई म्हणाल्या, "आता घाबरूनच म्हण. ती मुलगी घाबरलेलीच आहे, आपण उगाच गोड कशाला करायचं?" चिमणीने एकाच टेकमध्ये वाक्य म्हटलं. पण या वेळची भीती नायिकेची होती, चिमणीची नव्हती. मला फरक कळतो.

त्याचे फोन बरेच दिवस येत राहिले, मग थांबले. माझी नोकरी वाचली. आता मात्र मी खरंच थकलो आहे आणि कपाटात असतो. आवाजाचं काम शिकायला मुलं आली की मला बाहेर काढतात.

मित्रांनो, माझ्यावर टिचक्या मारू नका, फुंकर घालू नका. आतला पडदा नाजूक असतो. प्रेमकथा मात्र पोटभर बघा, त्या हट्टी नायकाला जीवही लावा. फक्त तुमची ताई किंवा मैत्रीण कोणाबद्दल कौतुकाने सांगताना मध्येच श्वास रोखत असेल, तर तेवढं नीट ऐका.

चिमणी अजून येते. फोन टोपलीत टाकते, कपाट उघडते आणि रुमालाने माझी जाळी पुसते. तेव्हा तिचा श्वास अगदी मोकळा असतो.