शेवाळाखालचे हात

धर्म बदलून यहुदी झाल्यावर आपल्या नवऱ्याच्या पदरात नक्की काय पडणार आहे, याचा हिशोब नर्सने एकदा स्वयंपाकघरात उभ्याउभ्या मांडून पाहिला होता. जमेच्या बाजूला काही सापडेना. शनिवारी दुकान बंद, म्हणजे चष्म्यांना सगळ्यात जास्त गिऱ्हाईक असतं तोच दिवस पाण्यात. खाण्यापिण्यावर शंभर बंधनं. सासू-सासरे चर्चच्या आवारात पुरलेले, त्यांच्या शेजारी राखून ठेवलेल्या जागेवर पाणी सोडायचं. पाद्री रस्त्यात दिसला की मान फिरवणार, नणंद फोनवर रडणार. आणि मिळकत काय? तर एकच एक देव. तो तर आधीही होता.

"आधी तीन होते," चष्मेवाला म्हणाला. "तिघे मिळून एक, असं सांगायचे. मी आयुष्यभर भिंगं घासतोय. तीन भिंगं एकावर एक ठेवली तरी मला ती तीनच दिसतात."

"मग डोळे मिटायचे," नर्स म्हणाली. "चर्चमध्ये सगळे मिटतातच."

पण डोळे मिटणं हेच त्या माणसाला जमत नव्हतं. नर्स इस्पितळाच्या प्लास्टर-रूममध्ये काम करायची. मोडलेलं हाड जुळेल तसं जुळवायचं आणि वरून पांढरं गुंडाळून टाकायचं, आत काय आहे ते निसर्ग बघून घेईल, असा तिचा बाणा. चष्मेवाल्याला मात्र भेगेतली भेग दिसायची, आणि दिसली की बोलायची खाज.

यहुद्यांचा रब्बी, म्हणजे त्यांचा धर्मगुरू, म्हातारा होता. येणाऱ्याला तीनदा परत पाठवायचा त्यांचा रिवाज, तो त्याने मनापासून पाळला. "घरी जा बाबा. आहेस तिथे सुखी आहेस. हे ओझं कशाला गळ्यात घालून घेतोस?" चष्मेवाला चौथ्यांदा गेला. तेव्हा रब्बीने सुस्कारा टाकून पुस्तक उघडलं. काही वर्षांनी विधीच्या कुंडात डुबक्या मारून चष्मेवाला, नर्स आणि त्यांची नऊ वर्षांची लेक असे तिघेही यहुदी होऊन बाहेर आले. लेकीने नाकातलं पाणी शिंकरत विचारलं, "झालं? आता पोहायला मिळेल का?"

नर्स चर्चच्या गायनवृंदात खालच्या पट्टीत गायची. तिचा तो आवाज तेवढा मागे राहिला. सिनेगॉगमध्ये, म्हणजे यहुद्यांच्या प्रार्थनामंदिरात, बायका वरच्या सज्जात बसायच्या आणि ओठ हलवायच्या. तिने ओठ हलवायला शिकून घेतलं.

पंधरा वर्षं उलटली तरी सिनेगॉगमध्ये चष्मेवाल्याला सगळे 'नवा' म्हणत. मात्र नियमाचा प्रश्न आला की हे जन्माचे यहुदी नव्याच्याच मागे लागायचे. सगळ्यात पुढे टायरवाला. हा शनिवारी सकाळी शटर उघडायचा, नऊला सिनेगॉगमध्ये यायचा, अकराला परत पंक्चर काढायला. "नव्या, कुठलं पान रे?" हा त्याचा ठरलेला प्रश्न. "मी वरवरचा आहे, पण जन्माचा आहे," तो हसत सांगायचा. "तू मुरलेला आहेस, पण लोणचं कालचंच."

दर रविवारी चष्मेवाला एक ब्रश आणि बादली घेऊन यहुद्यांच्या जुन्या दफनभूमीत जायचा आणि थडगी घासायचा. तिथे कोणी फिरकत नसे, दगडांवरची अक्षरं शेवाळाने गिळली होती. नर्सला त्यातलं मर्म कळत होतं. याचे सगळे पूर्वज पडले चर्चच्या आवारात, म्हणून हा दुसऱ्यांचे घासत होता.

लेक दातांच्या कवळ्या बनवणाऱ्या प्रयोगशाळेत कामाला लागली. एक दिवस त्या इमारतीची लिफ्ट दोन मजल्यांच्या मधे अडकली आणि लेक आत. बाहेरून दार उचकटून ज्याने तिला हात दिला, तो लिफ्ट दुरुस्त करणारा मुलगा टायरवाल्याचा निघाला. सिनेगॉगमध्ये तो लहानपणानंतर आलाच नव्हता, म्हणून कधी गाठ पडली नव्हती. पुढच्या महिन्यात ती लिफ्ट संशय यावा इतक्या वेळा बिघडली.

टायरवाला आपणहून घरी आला. खुर्चीत ऐसपैस बसून म्हणाला, "काय विहीणबाई, आमचं गाढव पसंत आहे ना? लिफ्टमधला आहे, वर-खाली होणारच."

"आमची पण काही कमी नाही," नर्स म्हणाली. "दात काढते."

टायरवाला मांडीवर थाप मारून हसला. चष्मेवाल्याच्या डोळ्यांत पाणी आलं. जन्माच्या यहुद्याने त्याला व्याही म्हटलं होतं. नर्सने मनातल्या मनात पंधरा वर्षांत पहिल्यांदा जमेच्या बाजूला काहीतरी लिहिलं. लेक हसत होती. ती हसताना खांदे उडवायची, लहान असल्यापासून. तेवढं राहिलं तर बाकी सगळं फिटलं, असं नर्सला वाटलं.

व्याह्याला काहीतरी द्यावं असं चष्मेवाल्याच्या मनात आलं. आणि त्याला दुसरं सुचणार काय? पुढच्याच रविवारी तो टायरवाल्याच्या आजोबांचं थडगं घासायला गेला.

परत आला तो गुडघे ओले, हात हिरवे, आणि तोंड उतरलेलं. बादली दारातच ठेवून तो स्टुलावर बसला.

"काय झालं? छातीत दुखतंय का?" नर्सने मनगट धरलं.

"त्या दगडावर हात आहेत," तो म्हणाला. "कोरलेले. दोन पंजे, अंगठ्याला अंगठा लावलेला, बोटं दोन-दोन फाकवलेली."

"मग?"

"अगं, ती कोहेनची खूण. देवळातल्या जुन्या पुजाऱ्यांचं घराणं. बापाकडून मुलाकडे येतं." हिरवे हात विजारीला पुसत तो म्हणाला, "कोहेनला धर्म बदलून आलेल्या बाईशी लग्न करता येत नाही."

नर्सला उमगायला वेळ लागला नाही. तिने आधी स्वयंपाकघराचं दार लोटलं, मग हळू आवाजात विचारलं, "टायरवाल्याला माहीत आहे?"

"त्याला पान कुठलं ते माहीत नसतं."

"मुलाला? रब्बीला?"

"नसावं. तो आजोबा, हा रब्बी इथे येण्याआधीच गेलेला."

"म्हणजे फक्त तुम्हाला."

"हो."

"शेवाळ परत येतं ना हो?"

चष्मेवाल्याने तिच्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांच्या संसारात तिने त्याच्याकडे हट्टाने काही मागितलं नव्हतं. "अगं, मला दिसलंय ते," तो म्हणाला, आणि ते इतक्या दीनवाणेपणाने म्हणाला की तिला ओरडताही येईना.

दुसऱ्या दिवशी नर्स ड्यूटीवरून परस्पर रब्बीकडे गेली. म्हातारा चोरून साखरेचा चहा पीत होता. तिने सुरुवात केली, "रब्बी, समजा एखादं घराणं असं असलं की..."

रब्बीने कप खाली ठेवला आणि हात वर केला. "बाई, थांबा. पुढे बोलू नका. तुम्ही विचारलंत की मला उत्तर द्यावं लागतं." मग चहाकडे बघत स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाला, "लोक थडग्यांवर काय वाटेल ते कोरतात. पाथरवटाकडे एकच नमुना असतो, तोच सगळ्यांना लावतो. दगड म्हणजे साक्षीदार नव्हे. माणसाने पाहिलेलं असावं लागतं, आणि पाहणारं आता कोण उरलंय? शंका आहे तोवर मी डोळे झाकून लग्न लावीन. नवऱ्याला सांगा, त्या शंकेला हात लावू नकोस. तिला झोपू दे."

नर्स घरी आली ती जवळजवळ पळतच. तिने शब्दन् शब्द सांगितला. चष्मेवाला ऐकत राहिला, आणि त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू रंग आला. "शंका," तो म्हणाला. "बरोबर. शंकाच आहे. तो पाथरवटाचा चुकारपणा असेल." त्या रात्री तो पोटभर जेवला. लेकीने लग्नाच्या झग्याचं कापड दाखवलं तेव्हा त्याने ते चष्मा वर करून जवळून पाहिलं, विणीचं कौतुकही केलं. नर्सला वाटलं, हाड जुळलं.

पण जन्माचा यहुदी इथे थांबला असता. तो आयुष्यभर शंका उशाशी घेऊन झोपतो. चष्मेवाल्याने धर्म घेतला होता तोच मुळी खात्रीसाठी, त्याला शंका पुरेना. ती आणखी पक्की करावी असं त्याने ठरवलं. टायरवाल्याची एक म्हातारी आत्या वृद्धाश्रमात होती, तिला भेटावं. ती म्हणेल, छे, आम्ही कसले कोहेन! मग जन्माची काळजी मिटली. तो खरोखर आनंदात गेला. जाताना तिच्यासाठी दुरुस्त केलेला चष्माही घेतला.

आत्याने तो चष्मा लावला, त्याच्याकडे निरखून बघितलं आणि तिला सगळं आठवलं. "आमचे बाबा? तेच तर आशीर्वाद द्यायचे सगळ्यांना! जोडे काढायचे, डोक्यावरून शाल घ्यायचे, असे हात धरायचे." तिने पंजे पुढे केले, अंगठ्याला अंगठा, बोटं दोन-दोन. "बघायचं नसतं, पण मी शालीखालून बघायची. कोहेन होते ना बाबा."

तिथून तो घरी आला नाही, सरळ रब्बीकडे गेला.

"तुला शंकेला झोपू द्यायला सांगितलं होतं," रब्बी म्हणाला. "तू साक्षीदार घेऊन आलास. आता मी काय करू, मूर्खा? मला सांग, आता मी काय करू?"

बातमी घरात आली तेव्हा लेक हसली. तिला ती थट्टा वाटली. मग तिने एकेक दार ठोकून पाहिलं. "मी यहुदी नाहीच, असं म्हटलं तर?"

"तर यहुद्याशी लग्न होणारच नाही," चष्मेवाला खाली बघत म्हणाला.

"आणि जन्मापासून असते तर?"

"तर अडलं नसतं."

"बाबा, मी नऊ वर्षांची होते. तुम्ही माझा हात धरून मला पाण्यात उतरवलंत. 'नाक धर' म्हणालात, मी धरलं."

चष्मेवाल्याने चष्मा काढला आणि पुसत बसला.

टायरवाला आला तो दारातूनच ओरडत. "आमच्या सात पिढ्यांना जे माहीत नव्हतं ते तू घासून काढलंस? कोणी सांगितलं होतं तुला? माझा आजोबा, माझं शेवाळ!" मग तो नर्सकडे वळला. "विहीणबाई, तुम्ही तरी त्याचे हात बांधायचे होते." ती हाक त्याने सवयीने मारली, आणि मारल्यावर जीभ चावली.

"कोर्टात करू," लेक म्हणाली. लिफ्टवालाही लगेच म्हणाला, "करू की. कोण कुठला आजोबा!" नर्सने दोघांना जेवायला घातलं. तिने तारीखही विचारून ठेवली.

मधल्या दिवसांत आत्याने लिफ्टवाल्याला बोलावून घेतलं. तिने त्याचे ग्रीस लागलेले हात हातांत घेतले आणि त्याची बोटं दोन-दोन करून बसवली. "तू शेवटचा आहेस," ती म्हणाली. "तिच्याशी केलंस तर तुझ्या मुलांना हे मिळणार नाही. बाबांपासून आलेलं तुझ्यापाशी संपेल." आजवर ज्याला वर-खाली जाणाऱ्या पेट्यांपलीकडे कोणी ओळखलं नव्हतं, त्याला कळलं की आपण हजारो वर्षांच्या रांगेत उभे आहोत. असलं काही कळल्यावर माणूस बदलतो. चष्मेवाला नव्हता का बदलला? लिफ्टवाला लेकीला म्हणाला, "जरा थांबू या." मग फोन कमी झाले. मग टायरवाल्याचं दुकान शनिवारी बंद राहू लागलं.

शेवटी एका शनिवारी लिफ्टवाला सिनेगॉगमध्ये पुढे जाऊन उभा राहिला, पायांत नुसते मोजे, डोक्यावर शाल. कित्येक वर्षांत तिथे कोहेन नव्हता. म्हाताऱ्या माणसांनी रडत माना खाली घातल्या. रब्बी एकेक शब्द सांगत होता आणि शालीखालून तो एकेक शब्द म्हणत होता. देव तुला आशीर्वाद देवो आणि तुझं रक्षण करो. वर सज्जात नर्स लेकीच्या शेजारी बसली होती. लेक आग्रह न करता आली होती, का ते तिने सांगितलं नाही. आशीर्वादाच्या वेळी कोहेनकडे बघायचं नसतं. सगळ्या बायकांनी डोळे झाकले. लेक बघत राहिली, अगदी शेवटच्या शब्दापर्यंत. मग कोट उचलून खाली गेली. त्या दिवसानंतर ती कुठल्याच देवाच्या दारात गेली नाही. कवळ्या बनवते, वेळेवर घरी येते, विचारलं तेवढ्याचं उत्तर देते. खांदे उडवून हसलेली तिला कोणी पाहिलेलं नाही.

परतताना चष्मेवाल्याने विचारलं, "अगं, मी चुकलो का?"

"नाही," नर्स म्हणाली. "तुमचं एकही अक्षर चुकलं नाही." आणि ती पुढे चालू लागली, कारण त्याच्या बरोबरीने चालणं तिला शक्य होईना.

हिशोब तसा सरळ लागला. सिनेगॉगला कोहेन मिळाला. आत्याला तिचे बाबा मिळाले, टायरवाल्याला मिरवायला घराणं, लिफ्टवाल्याला पूर्वज. चष्मेवाल्याला त्याचा खरेपणा मिळाला, एक ओरखडा न पडता. एवढ्या सगळ्याची किंमत यांच्यातल्या कोणीच दिली नाही. ती लेकीने दिली. जी थोडी बाकी राहिली ती नर्स फेडते आहे, रोज संध्याकाळी, आधी बापाला आणि तो उठून गेल्यावर लेकीला वेगळं वाढून.